ओळ उचलण्यापूर्वी

कमलनगरच्या शेतकऱ्याला सोयाबीन विकायचं असेल तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एकाच रेल्वेमार्गावर एका बाजूला भालकी आणि बिदर, दुसऱ्या बाजूला उदगीर आणि लातूर रोड. बिदरचा गांधी गंज कर्नाटकात, उदगीरचा मोंढा महाराष्ट्रात. दोन्हीकडची आवक आणि दर इंटरनेटवर येतात. पण येतात ते दोन राज्यांच्या वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या तक्त्यांत, एकीकडे कन्नड किंवा इंग्रजीत, दुसरीकडे मराठीत. त्या शेतकऱ्याला सगळा तक्ता नको असतो. प्रत्येक तक्त्यातली एक ओळ हवी असते आणि त्या ओळीतले तीन आकडे: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर. त्या दोन ओळी एकाखाली एक आल्या की गाडी कुठे न्यायची हे त्याचं त्याला ठरवता येतं.

त्या दोन ओळी एकाखाली एक आणायच्या कशा, हे या पुस्तकात सांगितलं आहे. साधन जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं आहे आणि माहिती वेबपानावरच्या तक्त्यांतली. वाचक म्हणून माझ्यासमोर औराद, भालकी, बसवकल्याण, हुलसूर, आळंद, अफजलपूर या भागातली मुलंमुली आहेत. घरात मराठी, शाळेत किंवा कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि संगणकावर इंग्रजी, अशा चार भाषांत त्यांचा दिवस जातो. त्यांतली बरीच मुलं महाविद्यालयात वेबपान बनवायला शिकतात, पण सरावाला त्यांना कुठल्या तरी काल्पनिक दुकानातल्या काल्पनिक वस्तूंचे तक्ते मिळतात. ज्या तक्त्यांवर त्यांच्या घरचा हिशेब चालतो, त्यांना हात लावायची वेळच येत नाही. म्हणून इथले सगळे सराव तुरीचे दर, पावसाचे मिलिमीटर, जमिनीचं क्षेत्र आणि जनगणना या चार विषयांवरच बेतले आहेत.

जेक्वेरी आता जुनी झाली, ती का शिकायची, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतातच. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो. जॉन रेसिग या अमेरिकी तरुणाने जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मेळाव्यात जेक्वेरी जाहीर केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची पहिली आवृत्ती आली. त्या काळी इंटरनेट एक्स्प्लोरर एका पद्धतीने वागायचा, फायरफॉक्स दुसऱ्या. एकच काम दोनदा लिहावं लागायचं. रेसिगने त्यावर एक पातळ थर घातला: पानातला भाग कसा ओळखायचा ते सीएसएसच्या भाषेत सांगा, बाकीचं मी पाहतो. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या साधनांबरोबर जेक्वेरी द्यायचं ठरवलं. आपल्याकडे कितीतरी सरकारी संकेतस्थळं त्याच साधनांनी बांधलेली आहेत. शेतमालाच्या दरांसाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या ॲगमार्कनेटच्या जुन्या पानांचे पत्ते 'एएसपीएक्स'ने संपायचे, ते यामुळेच. आजचे ब्राउझर जेक्वेरीची बहुतेक कामं स्वतः करू शकतात आणि नवा प्रकल्प उभारताना तिच्याशिवाय चालतं, हे खरं आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या संस्थेचं जुनं पान दुरुस्त करायचं काम हाती आलं तर त्यात जेक्वेरी असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. तिची वाक्यं छोटी असतात. 'हा तक्ता शोध, त्यातल्या ओळी घे, प्रत्येक ओळीतला तिसरा रकाना वाच' हे मराठीत ज्या क्रमाने सांगतो, त्याच क्रमाने ते तिच्यात लिहिता येतं. नवशिक्याचं सगळं लक्ष तक्त्यावर राहतं, आणि या पुस्तकाला तेच हवं आहे.

वेबपानावरचा तक्ता म्हणजे काय, हे पहिल्या प्रकरणात सविस्तर येईल. इथे एवढंच सांगतो की सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये तक्ता नव्हताच. डेव्ह रॅगेट यांनी लिहिलेला तक्त्यांचा मसुदा मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये तक्त्याला अधिकृत जागा मिळाली. 'टेबल'च्या आत 'टीआर' म्हणजे ओळ, ओळीच्या आत 'टीडी' म्हणजे माहितीचा सेल आणि 'टीएच' म्हणजे मथळ्याचा सेल, एवढाच संसार. या रचनेत रकाना नावाची स्वतंत्र गोष्ट जवळजवळ नाहीच, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. ओळ हा डबा आहे, त्यात सेल भरलेले आहेत. पण रकाना आपण मनाने बांधतो. प्रत्येक ओळीतला चौथा सेल एकाखाली एक येतो म्हणून आपण त्याला चौथा रकाना म्हणतो. '७५५०' असा मजकूर असलेल्या सेलमध्ये तो दर आहे की आवक, रुपयांत आहे की क्विंटलमध्ये, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. ते सगळं वर, मथळ्याच्या ओळीत असतं. ओळ तिथून उचलली की तिचं मथळ्याशी असलेलं नातं तुटतं. ते नातं सोबत आणण्याची जबाबदारी उचलणाऱ्यावर येते. पुढची सगळी प्रकरणं, कोड कितीही बदलला तरी, याच एका गोष्टीभोवती फिरतात.

ही गोष्ट कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात पहिलाच अडथळा असा येतो की पानाच्या मूळ मजकुरात जे नाही ते ब्राउझर स्वतः घालतो. लिहिणाऱ्याने 'टेबल'च्या आत थेट 'टीआर' लिहिलेला असतो. ब्राउझर मध्ये 'टीबॉडी' घालून मोकळा होतो. मग 'टेबलचं थेट अपत्य असलेली ओळ' असं जेक्वेरीला सांगितलं की तिच्या हाती काहीच लागत नाही, आणि ती तक्रारही करत नाही. न सापडणं हा तिच्या दृष्टीने दोष नाही. ती शून्य ओळींचा संच परत देते आणि पुढचा कोड शून्य वेळा चालतो. म्हणून ओळी निवडल्या की पहिली सवय त्या मोजण्याची लावून घ्यावी. डोळ्यांना चाळीस ओळी दिसतात, संचात किती आल्या?

चाळीस दिसतात आणि चाळीस आल्या, तरी काम संपत नाही. कितीतरी पानांवर 'डेटाटेबल्स' नावाची जोडणी वापरलेली असते. ती मोठा तक्ता पानापानांत विभागते. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर एका वेळी दहाच ओळी दाखवते. उरलेल्या ओळी लपवलेल्या नसतात, त्या दाखवायची वेळ येईपर्यंत दस्तऐवजातून बाहेर काढलेल्या असतात. जेक्वेरीने थेट ओळी मागितल्या तर दहाच मिळतात. कलबुर्गी जिल्ह्यातल्या सगळ्या बाजारांची सरासरी म्हणून आपण जे काढतो ती मग पहिल्या दहा ओळींची सरासरी ठरते, आणि निष्कर्ष पाहून ते कुणालाही कळत नाही.

ओळी पूर्ण हाती आल्या, आता हवी ती निवडायची. जेक्वेरीत 'कंटेन्स' नावाची सोय आहे: अमुक शब्द असलेली ओळ दे. तुरीच्या प्रदेशात राहणारा विद्यार्थी साहजिकच 'तूर' हा शब्द देतो. कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचं गुलबर्गा, ही तुरीची पेठ. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण 'कंटेन्स' शब्द पाहत नाही, अक्षरांचा सलग क्रम पाहते. मराठी तक्त्यात 'लातूर' या गावाच्या नावातही तोच क्रम आहे. त्यामुळे लातूरच्या सोयाबीनची, हरभऱ्याची, उडदाची प्रत्येक ओळ तुरीची ओळ म्हणून हाती येते. 'तूरडाळ' वेगळी असूनही तीही येते. आणि ज्याने ऱ्हस्व उकार घालून 'तुर' लिहिलं आहे, ती खरी तुरीची ओळ मात्र सुटते. यावर उपाय आहे आणि तो तिसऱ्या प्रकरणात आहे: ओळीला प्रश्न विचारायचा नाही, तिच्यातल्या शेतमालाच्या सेलला विचारायचा, आजूबाजूची रिकामी जागा छाटायची, आणि संपूर्ण मजकूर आपल्या यादीतल्या रूपांशी जुळतो का ते पाहायचं. ती यादी संगणक बनवून देत नाही. तूर कोण कशी लिहितं, हे माहीत असलेल्या माणसालाच ती बनवावी लागते.

गावांच्या नावांचंही तसंच आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला गुलबर्ग्याचं अधिकृत नाव कलबुर्गी झालं. त्याआधीच्या तक्त्यांत गुलबर्गा, नंतरच्यांत कलबुर्गी. वीस वर्षांचे दर एका रेषेत मांडायचे असतील तर ही दोन्ही नावं एकाच गावाची आहेत, हे कोडमध्ये लिहावं लागतं. याहून अवघड प्रकार ३० डिसेंबर २००९ चा आहे. त्या दिवशी यादगीर वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या 'गुलबर्गा जिल्हा' या ओळीत यादगीर, शहापूर, सुरपूर होते, नंतरच्या ओळीत नाहीत. नाव तेच, ओळ तीच, प्रदेश मात्र लहान झालेला. अशा दोन ओळींची तुलना करून 'जिल्ह्याचं उत्पादन घटलं' असं म्हणणं चूक आहे आणि ती चूक जगातली कुठलीही लायब्ररी पकडून देणार नाही.

सेल मोजण्याबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण सरावात ते आपोआप अंगवळणी पडेल. जेक्वेरीचं 'ईक्यू' शून्यापासून मोजतं, सीएसएसचं 'एनटीएच-चाइल्ड' एकपासून. ओळीवर 'टेक्स्ट' मागितलं तर सगळ्या सेलांचा मजकूर चिकटून येतो. आकडे एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा सोडवता येत नाहीत, म्हणून सेल एकेक करून वाचावेत. सेलमध्ये आकडा लिहायची चौकट असेल तर 'टेक्स्ट' रिकामं येतं. तिथे 'व्हॅल' हवं. सेलच्या आत दुसरा तक्ता असेल तर 'फाइंड' आतल्या ओळीही घेऊन येतं. 'चिल्ड्रेन' एकच पायरी उतरतं. ओळीतल्या एखाद्या बटणावर टिचकी मारल्यावर ती ओळ ओळखायची असेल तर 'क्लोजेस्ट'ने वर चढायचं. आणि दराच्या सेलमध्ये स्वल्पविराम असेल तर तो आधी काढायचा. '७,५५०' हा २०२४-२५ चा तुरीचा आधारभूत दर थेट जावास्क्रिप्टच्या 'पार्सफ्लोट'कडे दिला तर ते स्वल्पविरामापाशी थांबून सात रुपये सांगतं. हे वर्णन इंग्रजी अंकांचं झालं. देवनागरी किंवा कन्नड अंक त्याला अंक वाटतच नाहीत, ते आपण आधी बदलून द्यायचे.

जोडलेल्या सेलांपाशी मात्र थांबायला हवं. आपल्याकडच्या दरपत्रकांत तारीख किंवा बाजाराचं नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायचा कंटाळा असतो. कधी तारखेची एकच ओळ आडवी पसरलेली असते, तिला 'कोलस्पॅन' असतो, आणि खालच्या आठ-दहा ओळी त्या तारखेच्या असतात. कधी बाजाराचं नाव उभं पसरलेलं असतं, 'रोस्पॅन'ने. डोळा हे सहज वाचतो. पण रचनेत पाहिलं तर बाजाराचं नाव फक्त पहिल्या ओळीत आहे. दुसऱ्या ओळीत तो सेलच नाही. त्यामुळे दुसऱ्या ओळीतला दुसरा सेल हा खरं तर तिसऱ्या रकान्यातला आहे. इथे प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचून चालत नाही. वरून खाली येताना शेवटची तारीख आणि शेवटचा बाजार लक्षात ठेवत, प्रत्येक ओळीला तिचा तुटलेला भाग परत जोडत यावं लागतं. अडत दुकानातला मुनीम चोपडीत 'वरीलप्रमाणे'ची खूण पाहून जे करतो तेच हे काम आहे. जोडलेल्या सेलांच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत. हे जमलं की विद्यार्थ्याला तक्ता खऱ्या अर्थाने वाचता येतो, अशी माझी खात्री आहे.

आता जमिनीकडे वळतो. सीमाभागातल्या वाचकासाठी हे पुस्तक वेगळं लिहायची गरज वाटली ती यामुळेच.

कर्नाटकाने 'भूमी' योजनेत सुमारे दोन कोटी जमीननोंदी संगणकावर आणल्या; त्या वेळच्या १७७ तालुक्यांतल्या सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या या नोंदी होत्या. हाताने लिहिलेल्या पहाणीची, म्हणजे इथल्या जमीन-उताऱ्याची, जागा २००० नंतरच्या काही वर्षांत छापील पहाणीने घेतली आणि तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत ती मिळू लागली. पलीकडे महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आला. आता औराद किंवा भालकीतल्या अशा कुटुंबाचा विचार करा, ज्याची काही जमीन इकडे आहे आणि वाटणीत किंवा माहेरकडून आलेली काही जमीन देवणी, उदगीर, निलंगा भागात आहे. दोन्ही तक्त्यांतल्या क्षेत्राच्या सेलमध्ये '१.२०.००' असा मजकूर आहे.

सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर, चौरस मीटर असतं. एक हेक्टर वीस आर. शंभर आरांचा हेक्टर, म्हणून ते १.२ हेक्टर झालं, एकरात सांगायचं तर जवळजवळ तीन एकर. पहाणीवर तोच मजकूर एकर आणि गुंठे सांगतो. एक एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ते दीड एकर. एकाच अक्षरांत लिहिलेलं क्षेत्र एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ दुप्पट आहे. 'पार्सफ्लोट' दोन्हीकडे दुसऱ्या टिंबापाशी थांबतं आणि १.२ हाच आकडा देतं. महाराष्ट्राच्या बाजूला तो बरोबर असतो. कर्नाटकाच्या बाजूला चूक. तोच कोड, तोच सेल, तोच मजकूर; सीमा ओलांडली की उत्तर बदलायला हवं आणि बदलत नाही.

ही चूक लवकर लक्षात न येण्याचं कारणही सांगण्यासारखं आहे. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. दोन्ही मापं इतकी जवळची आहेत की आमच्या भागात बोलताना लोक ती सहज एकाच्या जागी दुसरं वापरतात आणि व्यवहारात अडत नाही. अडतं ते वरच्या पायरीवर: तिकडे शंभर जमले की पुढचं माप, इकडे चाळीस. म्हणून पहाणीतल्या दोन ओळींची बेरीज करताना १.२५ आणि १.२५ मिळून २.५० होत नाहीत. पंचवीस आणि पंचवीस गुंठे पन्नास होतात, त्यातल्या चाळिसांचा एक एकर होतो, दहा उरतात, बेरीज ३.१०. कुठल्याही तलाठ्याला किंवा ग्रामलेखापालाला हे सांगावं लागत नाही. संगणकाला सांगावं लागतं. आणि '२.२' व '२.२०' हे दशांशाच्या हिशेबात एकच असले तरी पहाणीच्या हिशेबात एक दोन एकर दोन गुंठे असू शकतो आणि दुसरा दोन एकर वीस गुंठे. म्हणूनच क्षेत्राचा सेल आधी मजकूर म्हणूनच जपायचा, टिंबांवर तोडायचा, प्रत्येक तुकडा वेगळा वाचायचा, सोळा आण्यांचा गुंठा असेल तर तोही हिशेबात धरायचा आणि शेवटी चौरस मीटरमध्ये आणायचा. दोन राज्यांच्या ओळी तिथे भेटू शकतात.

बाजाराच्या तक्त्यांतही हेच, जरा सौम्य रूपात. ॲगमार्कनेटवर आवक टनांत पाहायची सवय असलेला माणूस महाराष्ट्राच्या पणन मंडळाच्या तक्त्यात क्विंटल पाहतो. मथळा सोडून ओळ उचलली की उदगीरची आवक बिदरच्या दहापट वाटू लागते. दर दोन्हीकडे क्विंटलला असतो, हे नशीब. पावसाच्या आकड्यांत मिलिमीटर समान आहेत, पण ओळ बदलते: कर्नाटकात तालुक्याखाली होबळी, महाराष्ट्रात महसूल मंडळ. मांजरा नदीला या विभागण्यांशी काही देणंघेणं नाही. केज तालुक्यातल्या धनेगावच्या धरणातून पाणी सुटलं की लातूर ओलांडून ते भालकीच्या शिवारात येतं. नदीकाठच्या गावासाठी तक्ता करायचा तर होबळीच्या आणि मंडळाच्या ओळी नदीच्या क्रमाने लावाव्या लागतात. तो सराव सातव्या प्रकरणात आहे आणि मला स्वतःला तो सर्वांत आवडतो.

ओळ कोणत्या एककाची आहे, या प्रश्नाने आमच्या भागाचा इतिहास घडवला आहे. हैदराबाद राज्यातल्या जुन्या बिदर जिल्ह्याची १ नोव्हेंबर १९५६ रोजी विभागणी झाली. तीत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. पुढच्याच वर्षी मुंबई राज्याने म्हैसूर राज्यातला मराठी भाषकांचा सीमाभाग आपल्याला मिळावा अशी मागणी केंद्राकडे केली, तिचा पाया १९५१ च्या जनगणनेतले भाषेचे आकडे होते, आणि तिचा आग्रह होता की गाव हे एकक धरावं. आंध्र-मद्रास सीमेच्या वादात मध्यस्थ असलेल्या पाटसकरांनी तसंच केलं होतं. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. या वादात बाजू मांडणं हे या पुस्तकाचं काम नाही, आणि वर्गात मराठी व कन्नड मुलं एकाच बाकावर बसतात. पण तक्ता शिकणाऱ्याने यातून एक गोष्ट जरूर पाहावी: त्याच आकड्यांची ओळ जिल्ह्याची केली की एक चित्र दिसतं, तालुक्याची केली की दुसरं, गावाची केली की तिसरं. आकडा खोटा नसतो. ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. जनगणनेच्या तक्त्यावरचा सराव मी म्हणूनच ठेवला आहे. विद्यार्थ्याने तीनही पातळ्यांवर ओळी गोळा कराव्यात आणि उत्तराशेजारी आपली ओळ कोणत्या पातळीची आहे ते लिहावं.

दुसऱ्याच्या पानावरून माहिती घेण्याची रीतही इथेच सांगतो. जेक्वेरी ज्या पानात चालते ते पान तिला वाचता येतं. दुसऱ्या संकेतस्थळाचं पान ब्राउझर तिला सहजासहजी वाचू देत नाही, त्या स्थळाने परवानगी दिलेली असावी लागते. हे बंधन वाचकाच्या सुरक्षिततेसाठी आहे, त्याला वळसा घालायच्या युक्त्या या पुस्तकात नाहीत. सरावासाठी पान आपल्या संगणकावर साठवून घ्यावं. ब्राउझरबाहेर काम करायचं असेल तर नोडमध्ये 'चीरिओ' नावाची लायब्ररी आहे; तिची भाषा जेक्वेरीचीच असल्याने शिकलेलं वाया जात नाही. आधी मात्र तीच माहिती फाइलच्या रूपात मिळते का ते पाहावं. केंद्र सरकारने २०१२ मध्ये माहिती खुली करण्याचं धोरण आणलं आणि त्याच वर्षी खुल्या माहितीचं संकेतस्थळ सुरू केलं; बाजारांचे रोजचे दर तिथे थेट मिळतात. जे सरळ मिळतं ते तक्त्यातून ओरबाडू नये. जिथे तक्ताच वाचावा लागेल तिथे त्या स्थळाच्या अटी वाचाव्यात आणि सर्व्हरवर मारा करू नये. त्याच वेळी आळंदचा एखादा शेतकरी मोबाइलवरून तेच पान उघडायचा प्रयत्न करत असतो.

जमिनीच्या नोंदींबाबत मी याहून कठोर आहे. पहाणीवर माणसाचं नाव असतं, बापाचं नाव असतं, कर्जाचा बोजा असतो. ते पान प्रत्येकाला पाहता येतं याचा अर्थ गावातल्या सगळ्यांची नावं ओळीओळीने गोळा करून साठवावीत असा होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा काय म्हणतो ते वाचकाने जाणून घ्यावंच. पण कायदा नसता तरी शेजाऱ्याच्या बोजाची यादी करणं मला मान्य झालं नसतं. म्हणून जमिनीवरच्या सरावांतले तक्ते मी बनवलेले आहेत. त्यांत सर्व्हे नंबर काल्पनिक आहेत, नावं नाहीत, फक्त मापं खरी पद्धत पाळतात. ज्याला खऱ्या कागदावर करून पाहायचं असेल त्याने आपल्या घरची पहाणी घ्यावी, वडिलांना विचारून.

भाषेबद्दल दोन वाक्यं. टॅगांची आणि आज्ञांची नावं मी बदललेली नाहीत, कारण ती ब्राउझरला तशीच लागतात. बाकी सगळं ओळ, रकाना, मथळा, आवक, दर या आपल्या रोजच्या शब्दांत आहे. कन्नड तक्त्यांवरच्या सरावांत मथळ्यांचा मराठी अर्थ शेजारी दिला आहे. ज्याला कन्नड वाचता येत नाही त्याने ती लिपी शिकून घ्यावी, असा माझा आग्रह राहील; पहाणी कन्नडमध्ये येते आणि स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये.

पूर्वतयारी म्हणून एचटीएमएलचं साधं पान लिहिता यावं आणि जावास्क्रिप्टमधलं फंक्शन काय असतं एवढं ठाऊक असावं. संगणक जुना असला तरी चालेल, इंटरनेट सतत लागणार नाही. सगळी सरावपानं आणि जेक्वेरीची फाइल पुस्तकासोबत आहेत. प्रत्येक सरावाच्या शेवटी उत्तर दिलेलं नाही, तर हाताने करायची तपासणी दिलेली आहे: तक्त्यातल्या कोणत्याही तीन ओळी बोट ठेवून वाचा, वहीत लिहा, आणि कोडने काढलेल्या ओळींशी ताडून पाहा. त्या तिन्हींपैकी एक ओळ तक्त्याच्या शेवटच्या पानावरची असावी आणि एक जोडलेल्या सेलाखालची. पहिला सराव तुरीच्या दरांचा आहे. २०२५-२६ साठी तुरीचा आधारभूत दर क्विंटलला ८००० रुपये आणि सोयाबीनचा ५३२८ रुपये जाहीर झाला. तुरीचा सर्वसाधारण दर आधारभूत दराखाली राहिलेल्या ओळी तक्त्यातून वेगळ्या काढायच्या आणि प्रत्येक ओळीसोबत बाजार, तारीख आणि एकक लिहायचं. सरावपानावर लातूरच्या ओळी मुद्दाम ठेवल्या आहेत.